गवतामागे चालणारा मुलूख

वाचकहो, आपल्याकडे दोन शेतकरी बांधावर भेटले, की पहिला प्रश्न असतो, "काय, पाऊसपाणी कसं आहे?" मंगोलियात उन्हाळ्यात दोन गुराखी माळावर भेटले, की विचारतात, "जनावरं अंगानं भरली आहेत ना?" हिवाळ्यात भेटले तर, "हिवाळा सुखानं निघतोय ना?" घरच्या माणसांची खुशाली त्यानंतर. जनावराच्या अंगावर चरबी चढली, तरच त्याचा हिवाळा निघतो. आणि जनावराचा निघाला तरच माणसाचा निघतो. त्या मुलखाचा रामराम हा असा आहे.

२०२४ च्या जुलै महिन्यात तीन आठवडे या देशाचे दक्षिणेकडील वाळवंट आणि मध्यभागातील डोंगर हिंडून पाहण्याचा योग आला. शेती खात्यात आयुष्य गेलेल्या माणसाची नजर कुठेही गेली, तरी गवत, पाणी आणि जनावर यांच्यावरच जाऊन बसते. म्हणून या लेखात राजवाडे आणि बाजारपेठा तुम्हाला भेटणार नाहीत. भेटतील ती गुरे, आणि त्यांच्या मागून चालणारी माणसे.

देश मोठा, माणसे थोडी

उत्तरेला रशिया आणि उरलेल्या तिन्ही बाजूंनी चीन, अशा बेचक्यात मंगोलिया वसला आहे. क्षेत्रफळ सुमारे १५ लाख ६४ हजार चौरस किलोमीटर. म्हणजे आपली पाच महाराष्ट्र राज्ये त्यात मावतील. लोकसंख्या मात्र ३५ लाखांच्या आसपास. आपल्या एकट्या पुणे जिल्ह्यात याहून जास्त माणसे राहतात. त्यातली जवळजवळ निम्मी उलानबातर या राजधानीत. उरलेला देश मोकळा.

समुद्र शेकडो मैल दूर, आणि देशाची सरासरी उंचीच आपल्या महाबळेश्वरापेक्षा जास्त. त्यामुळे उन्हाळ्यात पारा तिशी ओलांडतो आणि हिवाळ्यात काही भागांत शून्याखाली चाळीस अंशांपर्यंत उतरतो. पीक घ्यायला वर्षातून जेमतेम तीन-चार महिने मिळतात. उत्तरेकडे थोडा गहू आणि बटाटा होतो, पण एकूण देशातली एक टक्काही जमीन नांगराखाली नाही. जे माणसाला पचत नाही ते गवत जनावराला खाऊ घालायचे, आणि जनावराचे दूध, मांस, लोकर आपण वापरायची, हीच इथली शेती.

जनावरे पाच: घोडा, गाय, उंट, मेंढी आणि बकरी. डोंगरातला याकही गाईच्याच खात्यात मोजतात. २०२४ च्या अखेरीस या पाचांची मिळून संख्या ५ कोटी ७६ लाखांच्या घरात होती, म्हणजे माणशी सोळा जनावरे. ती सांभाळणारी माणसे अडीच-तीन लाख.

गोबीच्या वाटेवर

राजधानीतून दक्षिणेला दालानझादगाद हे जिल्ह्याचे गाव साडेपाचशे किलोमीटर. तिथपर्यंत डांबरी रस्ता आहे. पुढे रस्ता असा नाहीच; माळावर चाकांच्या चाकोऱ्या उमटलेल्या असतात आणि त्यांतली एक निवडून गाडीवान निघतो. आमची गाडी रशियन बनावटीची, डब्यासारखी चौकोनी. बिघडली तर गाडीवानाने स्वतःच दुरुस्त करायची, कारण पुढचा माणूस कदाचित तीस किलोमीटरवर असतो.

वाळवंट म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे वाळूचे ढीग येतात. गोबीत वाळू थोडीच आहे. बहुतेक भाग खडेगोट्यांचा, विरळ गवताचा, काटेरी झुडपांचा माळ. पाऊस वर्षाला १०० मिलिमीटरच्या आसपास, कुठे त्याहूनही कमी. आपल्या माण-खटावला आपण दुष्काळी म्हणतो, तिथे याच्या कितीतरी पट पडतो. तरीही या माळावर रानकांदा उगवतो आणि शेळ्यामेंढ्या तो आवडीने खातात. त्या कांद्यामुळे गोबीच्या मांसाला चव येते असे तिथले लोक अभिमानाने सांगतात.

योलिन आम नावाच्या एका अरुंद घळीत जुलै महिन्यातही बर्फाचा तुकडा शिल्लक होता, आणि तिथून दिवसभराच्या वाटेवर खोंगोरिन एल्स या वाळूच्या टेकड्या तापत होत्या. ही रांग शंभर किलोमीटरपर्यंत पसरली आहे. तिच्या पायथ्याशी पाण्याचा झरा आणि हिरवे कुरण आहे, आणि त्या कुरणावर उंटांचे कळप. पुढे बायनझाग येथे तांबडे मातीचे कडे लागतात. १९२३ साली अमेरिकन संशोधक रॉय चॅपमन अँड्र्यूज यांच्या मोहिमेला इथेच डायनोसॉरची अंडी सापडली होती. प्रवासी त्या कड्यांची छायाचित्रे घेतात. मी जवळची विहीर पाहायला गेलो.

विहीर म्हणजे माळातला एक खड्डा, वर झाकण, शेजारी जनावरांसाठी लांब डोणी. एक मुलगा पाणी शेंदत होता आणि उंट रांगेने आपली पाळी येण्याची वाट पाहत उभे होते. गोबीत गवताचा हिशेब विहिरीपासून सुरू होतो. विहीर बुजली, की तिच्या भोवतीचे गवत असूनही नसल्यासारखे. १९९० पूर्वी सरकारने खोदलेल्या पुष्कळ विहिरी पुढे देखभालीअभावी बंद पडल्या. त्यामुळे चालू विहिरींभोवती गर्दी झाली आणि तिथली जमीन उघडी पडली.

इथला उंट दोन मदारींचा. मदार ताठ असेल तर उंट खाऊनपिऊन आहे, एका बाजूला कलली तर त्याची शिदोरी संपत आली, असे दुरूनच ओळखता येते. पहिलटकरीण सांडणी कधीकधी आपल्या पिलाला जवळ येऊ देत नाही. अशा वेळी घरातले एखादे माणूस तिच्याजवळ उभे राहून एकच बोल संथ चालीत पुन्हा पुन्हा गाते, शेजारी दोन तारांचे, घोड्याच्या शेपटीच्या केसांचे वाद्य वाजवतात. तास-दोन तासांनी सांडणी निवळते, तिच्या डोळ्यांतून पाणी येते आणि ती पिलाला पाजते. आपल्या घरातही पान्हा चोरणाऱ्या म्हशीला आयाबाया चुचकारतात, गोंजारतात. तेव्हा हे ऐकून तुम्हाला नवल वाटणार नाही. २०१५ साली युनेस्कोने ही रीत तातडीने जपायला हव्या अशा परंपरांच्या यादीत घेतली. कारण उंट पाळणारी घरे कमी होत चालली आहेत.

घर उचलून निघाले

मंगोल गुराख्याच्या घराला 'गेर' म्हणतात. लाकडी पट्ट्यांच्या जाळीची गोल भिंत, ती दुमडून मिटता येते. वर छत्रीच्या काड्यांसारखे वासे, मधोमध लाकडी चाक, त्यातून उजेड आत येतो आणि चुलीचे धुराडे बाहेर जाते. या सांगाड्यावर लोकरीचा जाड नमदा पांघरतात. नमदा विणत नाहीत. लोकर पसरून पाणी शिंपडतात, गुंडाळी करून घट्ट बांधतात आणि घोड्यामागे माळावर फरफटत नेतात. तिने लोकर एकजीव होते. आपल्या घोंगडीची ही चुलत बहीण. हात सराईत असतील तर असे घर एक-दोन तासांत उभे राहते आणि तेवढ्याच वेळात उतरते.

दार नेहमी दक्षिणेला. आत शिरताना उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, मधल्या दोन खांबांमधून जायचे नाही. डावीकडची बाजू पाहुण्यांची व पुरुषांची, उजवीकडे बाईचे स्वयंपाकघर, समोर देवाची जागा. मध्यभागी चूल आणि तिच्यात रानशेणी. झाडे नसलेल्या मुलखात शेण हेच सरपण.

गेरजवळ गेलात, की दुरूनच हाक द्यायची, "कुत्रं धरा!" हीच दारावरची थाप. मग ओळख असो नसो, चहा समोर येतो. दुधाचा, आणि साखरेऐवजी मीठ घातलेला. पहिल्या घोटाला तोंड वाकडे होते, तिसऱ्या दिवशी त्याचीच वाट पाहावीशी वाटते. इतक्या कोरड्या थंड हवेत मीठ आणि दूध अंगाला मानवते.

घर वर्षातून निदान चार वेळा हलते. हिवाळ्याची जागा डोंगराच्या कुशीत, वाऱ्याआड. वसंतात माद्या वितात, तेव्हाची जागा वेगळी. उन्हाळ्यात पाण्याकाठी, शरदात जिथे गवत बियाला आले असेल तिथे. हे भटकणे वाऱ्यावरचे नाही. हिवाळ्याच्या कुरणात उन्हाळाभर जनावर शिरू द्यायचे नाही, हा जुना दंडक. ते उभे वाळलेले गवत म्हणजे या लोकांची कडब्याची गंज. फक्त ती जमिनीवरच राखलेली असते.

आता गेरवर सौरऊर्जेची पाटी आणि दूरचित्रवाणीची तबकडी दिसते. एक लाख गेरांना सौरवीज देण्याची सरकारी योजना २०१२ पर्यंत पूर्ण झाली. घोड्याच्या जोडीला मोटारसायकल आली. पण मुले शाळेला तालुक्याच्या गावी वसतिगृहात. लहान मुलासाठी पुष्कळदा आईही गावी राहते आणि बाप माळावर एकटा. घराची अशी फाळणी आपल्या ऊसतोड कामगारांच्या घरांतही होते.

डोंगरातले दूधदुभते

वाळवंट मागे टाकून आम्ही उत्तरेला ओरखोन नदीच्या खोऱ्यात आणि खांगाई डोंगरात शिरलो. एका दिवसाच्या प्रवासात रंग बदलला. पिवळ्या माळाच्या जागी गुडघाभर गवत, उतारावर देवदारासारखी झाडे, आणि उंटांच्या जागी केसाळ याक. इथल्या बाईचा उन्हाळा दुधात जातो.

गाय, याक, मेंढी, बकरी सगळ्यांचे दूध काढतात, पण पाहण्यासारखे आहे ते घोडीचे. शिंगरे दिवसभर जमिनीलगत ताणलेल्या दोरीला बांधून ठेवतात. दर दोन तासांनी शिंगरू आधी आईला लावायचे, पान्हा फुटला की बाजूला ओढायचे आणि धार काढायची. एका वेळी दूध थोडेच मिळते, म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा. ते गाईच्या कातड्याच्या मोठ्या पिशवीत ओततात. पिशवी दाराशी टांगलेली, तिच्यात रवी. येणाराजाणारा प्रत्येक जण चार वेळा घुसळूनच पुढे जातो. त्यातून 'ऐराग' हे आंबूस, किंचित मादक पेय तयार होते.

दुधावरची जाड साय हिवाळ्यासाठी वाळवतात. दह्याचा चक्का बांधून, वड्या पाडून गेरच्या छतावर उन्हात घालतात. या वड्या दगडासारख्या होतात आणि वर्षभर टिकतात. गुराखी खिशात टाकून निघतो आणि दिवसभर चघळतो. बर्फपेटी नाही, डेअरी नाही, तरी दुधाचा थेंब वाया जात नाही. आपल्या बचत गटातील भगिनींनी या वड्या एकदा पाहायला हव्या होत्या.

इथे आपल्या देशाचा धागाही सापडतो. बौद्ध धर्माबरोबर आपल्या ग्रहांची नावे मंगोल भाषेत गेली. बुध तिथे बुद, शुक्र सुगर, मंगळ अंगारग, गुरू बरखासबद आणि शनी सांचिर. लडाखचे कुशोक बकुला रिंपोछे १९९० ते २००० या काळात तिथे भारताचे राजदूत होते, आणि जुनी माणसे त्यांचे नाव आदराने काढतात.

झुड म्हणजे काय?

ओरखोनच्या खोऱ्यात एका म्हाताऱ्या गुराख्याच्या गेरमध्ये दोन रात्री राहिलो. बाहेर मेंढ्यांचा वाडा त्याच्या कळपाच्या मानाने फार मोठा दिसत होता. दुभाषी मुलीकडून मी कारण विचारले. म्हातारबांनी चहाची वाटी खाली ठेवली.

"वाडा मोठा नाही, कळप लहान झाला," ते म्हणाले. "निम्मी जनावरं गेली वसंतात."

"बर्फ फार पडलं का?"

"बर्फ दरवर्षी पडतं. बर्फाला मी भीत नाही. मी भितो ते कोरड्या उन्हाळ्याला."

या एका वाक्यात सारे आले, वाचकहो. मंगोलियात हिवाळ्यातल्या जनावरांच्या मोठ्या मरीला 'झुड' म्हणतात. नाव हिवाळ्याचे, पण तिची सुरुवात आदल्या उन्हाळ्यात होते. पाऊस ओढ देतो, गवत वाढत नाही, जनावर अंगाने भरत नाही आणि गवताची कापणीही होत नाही. मग हिवाळा येतो. जाड बर्फ पडले तर 'पांढरी झुड'; खालचे गवत उकरून निघत नाही. मध्येच वितळून पुन्हा गोठले, की वर काचेसारखा थर बसतो; ती 'लोखंडी झुड'. बर्फ मुळीच पडले नाही तर प्यायला पाणी नाही. ती 'काळी झुड'. घोडा खुराने बर्फ उकरतो आणि त्याच्यामागून मेंढ्या चरतात. पण थर लोखंडी असेल तर घोड्याचेही पाय रक्ताळतात.

जनावर पहिल्या थंडीत मरत नाही. अंगावरची चरबी संपत संपत ते फेब्रुवारी-मार्चपर्यंत तग धरते, आणि ऊब येऊ लागली असतानाच, पोटात पिलू असतानाच बसते. मग उठत नाही. म्हातारबांच्या पत्नी म्हणाल्या, "अशक्त कोकरं आम्ही घरात चुलीजवळ घेतली. सगळी कशी घेणार?"

२००९-१० च्या झुडीत देशभरात सुमारे एक कोटी जनावरे मेली आणि हजारो घरांचे वाडे पार रिकामे झाले. २०२३-२४ च्या हिवाळ्यात सत्तर लाखांहून अधिक गेली. ज्याचे सगळे गेले, तो गेर उचलतो आणि राजधानीच्या कडेला जाऊन मांडतो. उलानबातरच्या टेकड्यांवर असे गेरांचे मोठमोठे मोहल्ले उभे आहेत. तिथे रानशेणी नाही, म्हणून कोळसा जाळतात. त्या धुराने शहर इतके कोंडले, की २०१९ साली राजधानीत कच्चा कोळसा जाळण्यास बंदी घालावी लागली. घोड्यावर बसण्यात हयात गेलेला माणूस तिथे पहारेकऱ्याची नोकरी शोधतो.

मऊ लोकरीची कठीण गोष्ट

झुड पूर्वीही येत होती. मग आता ती इतकी लवकर लवकर आणि इतकी जड का पडते? हवामान तापते आहे, उन्हाळे कोरडे होत आहेत, हे एक कारण. दुसरे कारण कळपात आहे.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस मंगोलियातली बहुतेक जनावरे सहकारी संघांच्या मालकीची झाली होती. गुराखी पगारी होता, कळप त्याचा नव्हता. पण पशुवैद्य, विहिरी, गवताचा साठा आणि स्थलांतराला वाहन ही जबाबदारी संघाची होती. १९९० मध्ये राजवट बदलली, संघ मोडले, जनावरे घरोघर वाटली गेली. कारखाने बंद पडून बेकार झालेली माणसेही गुरांकडे वळली आणि दहा वर्षांत गुराखी कुटुंबे दुपटीहून अधिक झाली. १९९२ च्या राज्यघटनेने कुरण मात्र कोणाच्याही खाजगी मालकीचे होऊ दिले नाही. म्हणजे जनावर ज्याचे त्याचे, आणि गवत सगळ्यांचे.

त्यातच काश्मिरी लोकरीला परदेशातून मागणी आली. ही लोकर म्हणजे बकरीच्या जाड केसांखालची मऊ लव. वसंतात ती लांब दातांच्या फणीने विंचरून काढतात. एका बकरीमागे जेमतेम पाव किलो ते तीनशे ग्रॅम मिळते, पण रोख पैसा तोच. मुलाच्या शाळेचा खर्च त्यावर, मोटारसायकल त्यावर, बँकेचे कर्जही त्यावरच. भाव घसरला, तर उत्पन्न टिकवायला आणखी चार बकऱ्या. १९९० साली देशात २ कोटी ५८ लाख जनावरे होती आणि पाचात एक बकरी होती. २०१९ मध्ये जनावरे सात कोटींवर गेली आणि पाचात दोन बकऱ्या झाल्या.

बकरी वाईट नव्हे. कळपात थोड्या बकऱ्या हव्यातच. त्या पुढे चालतात आणि बुजऱ्या मेंढ्या मागून जातात. पण बकरी गवत बुडख्याशी खाते आणि मुळासकट उपटते. शिवाय तिच्या अंगावर मेंढीसारखी चरबी नाही, म्हणून कडक थंडीत आधी तीच पडते. हजार जनावरे बाळगणाऱ्याला तिथे सरकारी मानाचे बिल्ले मिळत आले आहेत. जिथे संख्येला मान, तिथे कळप कमी कोण करणार?

मी म्हातारबांना विचारले, "आता पुन्हा पूर्वीइतकी वाढवणार?"

ते बराच वेळ दाराबाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, "गवताला विचारून."

काही भागांत शेजारी कुटुंबांनी एकत्र येऊन करार केले आहेत: कोणते कुरण केव्हा मोकळे ठेवायचे, हिवाळी चराई कशी राखायची, बाहेरचा कळप आला तर काय करायचे. २००६ पासून जागतिक बँकेच्या मदतीने जनावरांचा विमाही सुरू झाला. त्याची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. तुमची किती मेली हे कोणी मोजायला येत नाही. संपूर्ण तालुक्यातली मर ठरावीक प्रमाणाच्या वर गेली, की विमा घेतलेल्या सर्वांना भरपाई. त्यामुळे मेहनतीने आपली जनावरे वाचवणाऱ्याचाही तोटा होत नाही. आपल्या पीक विम्यात महसूल मंडळाचे उत्पन्न धरतात, त्याच जातीचा हा विचार. आणि तक्रारही तीच ऐकली: "तालुक्याचं बरं निघालं, माझं मात्र गेलं."

आपल्या शिवारासाठी

आपला धनगर बांधवही पावसाळा सरल्यावर माण देशातून कोकणाकडे मेंढ्या घेऊन उतरतो, वाटेत शेतात मेंढ्या बसवतो आणि धान्य घेतो. गवत जिथे असेल तिथे जनावराने जावे, हे शहाणपण आपल्याकडेही आहे. मंगोलियाच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे कुरणांचे आणि पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून २०२२ मध्येच जाहीर केले. त्या निमित्ताने गावच्या गायरानाची चर्चा झाली तर चांगलेच. गायरान सगळ्यांचे म्हणून कोणीच राखायचे नाही, असे चालले तर तिथेही गवताची मुळे उघडी पडतात. पावसाळ्याचे पहिले दोन महिने गायरानाचा एक भाग बंद ठेवायचा, एवढा ठराव ग्रामसभेला करता येतो. त्याला पैसा लागत नाही, एकमत लागते.

दुसरी गोष्ट आपापल्या गोठ्याची. मंगोल गुराखी हिवाळ्याच्या तोंडाशी कळपावरून नजर फिरवतो. जे जनावर थंडी काढणार नाही असे दिसते, ते तो त्याच वेळी विकतो किंवा घरच्या मांसासाठी कापतो. ज्यांनी २०२३ च्या शरदात हे लांबणीवर टाकले, त्यांच्या हाती वसंतात नुसती कातडी आली. आपल्याकडे हिवाळ्याच्या जागी उन्हाळा धरा. दुभत्या गाईला रोज सहा किलो कोरडी वैरण धरली, तर चार महिन्यांचे सातशे किलो होतात. दिवाळी झाली, की आधी गंज मोजा आणि मग दावणीची जनावरे मोजा. दोन्हींचा मेळ बसत नसेल, तर वैरण तेव्हाच घ्या किंवा भाकड जनावराचा निर्णय तेव्हाच करा. एप्रिलमध्ये वैरण महाग असते आणि जनावराला गिऱ्हाईक नसते.